गेमच्या डिस्कवरून ऑनलाइनवाले आणि पब्लिशर का भांडतात, आणि त्यात आपलं काय जातं

डोंबिवलीच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलंय, दादा, सोनीच्या पीएस५ चा नवा गेम ऑनलाइन दोन-तीन आठवड्यांत हजार रुपयांनी खाली दिसतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानात तोच गेम एमआरपीच्या आसपास आणि प्लेस्टेशन स्टोअरवर तर फुल किंमत, हे कसं काय? आणि ऑनलाइनवाले एवढा माल काढून देतात तर पब्लिशर, म्हणजे गेम काढणाऱ्या कंपन्या, खूश पाहिजेत ना, मग २०२५ मध्ये जपानची गेम कंपनी निन्टेन्डो आणि अ‍ॅमेझॉनचं बिनसलं अशा बातम्या का आल्या, आणि कंपन्या डिस्कच बंद करायच्या मागे का लागल्यात?

मी आधी लॅमिंग्टन रोडला काउंटरवर होतो, मग वितरकाकडे सेल्स बघितलं, आता स्वतःचं सेलर अकाउंट आहे आणि माल भिवंडीच्या गोडाऊनला जातो, त्यामुळे हे भांडण सगळ्या बाजूंनी बघून झालंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सगळे डिस्काउंटवर बोलतात, पण मूळ दुखणं हे आहे की डिस्क एकदा विकली की ती पुढे कितीला जाणार, कुठल्या देशात जाणार, परत विकली जाणार का, यातलं काहीच पब्लिशरच्या हातात राहत नाही, आणि ऑनलाइन विक्रीने ते सगळं उघड्यावर आणलं. दुकानदार पूर्वीपण भाव तोडायचा, पण ते त्या गल्लीपुरतं राहायचं. आता एकाने रात्री अकराला रेट खाली टाकला की सकाळी नागपूरपासून गुवाहाटीपर्यंत प्रत्येक डीलरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पोचलेला असतो.

आधी किमतीचं गणित. आकडे समजण्यापुरते धर, प्रत्येक टायटलचे वेगळे असतात. समजा एमआरपी ४,९९९ आणि दुकानदाराला माल पडला ४,४५० ला. यातून गाळ्याचं भाडं, पोराचा पगार, कार्डाचे चार्जेस आणि न खपलेल्या मालात अडकलेले पैसे असं सगळं काढायचं. नव्या गेमात मार्जिन कायमच बारीक, म्हणून तर दुकानं कंट्रोलर, हेडसेट आणि जुन्या डिस्कच्या एक्स्चेंजवर चालतात. आता तोच गेम साईटवर ३,९९९ ला दिसतो, म्हणजे दुकानदाराच्या खरेदीच्याही खाली, आणि गिऱ्हाईक फोन त्याच्या तोंडासमोर धरून विचारतं की तुम्ही एवढे पैसे कसले लावता. तो लुटत नाहीये रे, त्याला तो भाव देणं शक्यच नाही.

मग साईटवर कसं शक्य होतं? एक तर कधीकधी प्लॅटफॉर्म स्वतःच्या खिशातून पैसे घालतो, कारण त्याला गेमवर कमवायचंच नसतं, तुला अ‍ॅपवर आणायचं असतं. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये प्राइमवाल्यांना नव्या गेमच्या प्रीऑर्डरवर सरळ २० टक्के सूट चालू केली होती, २०१८ मध्ये ती बंद करून काही ठराविक गेमवर १० डॉलरचं क्रेडिट द्यायला लागले, कारण अशी सूट कायम चालवणं कोणालाच परवडत नाही. आपल्याकडे तेच बँक ऑफर, कुपन, कॅशबॅक अशा रूपात येतं. दुसरं म्हणजे वितरकाची स्लॅब. तिमाहीत एवढ्याचा माल उचलला तर मागाहून एवढे टक्के क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम वितरक हिशेबात परत देणार, असं ठरलेलं असतं, आणि मोठा सेलर ती क्रेडिट नोट खिशात आलीच असं धरून भाव लावतो, कित्येकदा खरेदीच्याच भावात विकून मोकळा होतो आणि कमाई फक्त त्या क्रेडिट नोटची. लहान दुकानदार त्या स्लॅबपर्यंत कधी पोचतच नाही. मग मार्च एंडला पडून राहिलेला माल काढायचा असतो ते वेगळं. आणि वितरक हिट गेमसोबत न चालणारी दोन टायटलं गळ्यात मारतो ना, ती कुठेतरी ओतायला लागतातच, ती पण ऑनलाइनच ओतली जातात. राहिला दुबईहून येणारा माल, त्यावर खाली बोलतो.

यात पब्लिशरचं काय बिघडतं, त्याला तर त्याचे पैसे मिळालेत, असं तुला वाटेल. बिघडतं ते क्लेमच्या वेळी. धंद्यात प्राइस प्रोटेक्शन म्हणून प्रकार असतो, म्हणजे पब्लिशरने अधिकृतपणे किंमत खाली आणली तर दुकानदाराकडे पडून असलेल्या मालाचा फरक त्याला परत द्यायचा, नाहीतर पुढच्या वेळी लॉन्चला कोणी जास्त माल उचलणारच नाही. हे ठीक आहे. पण ऑनलाइन एकाने स्वतःच्या मर्जीने भाव पाडला की बाकीचे सगळे तोच कायदा लावतात. वितरकाकडे होतो तेव्हा महिना संपत आला की माझ्याकडे एक्सेल शीटांचा ढीग, प्रत्येकात टायटलचं नाव, शिल्लक नग, बिलाचा भाव, बाजूला साईटवरचा भाव आणि शेवटच्या कॉलमात फरक. खाली एक ओळ, फरक मिळाल्याशिवाय पुढचं पेमेंट सुटणार नाही. आणि ही काही नुसती धमकी नसायची, खरंच पेमेंट अडकायचं, कारण त्या माणसाचे पैसे खरंच मालात अडकलेले असायचे. म्हणजे भाव तोडला एकाने, फायदा त्याला, आणि बिल फिरून वितरकाकडे, तिथून पब्लिशरकडे. या जागी पब्लिशरची तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

दुसरी तक्रार लॉन्चच्या तारखेची. ठरलेल्या दिवसाच्या आधी माल दुकानात पोचवावाच लागतो, आणि ऑनलाइनवाला तर तुझ्या घरी त्याच दिवशी पोचावा म्हणून एक-दोन दिवस आधीच कुरिअरला देतो. कुरिअर जास्तच चपळ निघालं की झालं. २०१३ च्या सप्टेंबरात जीटीए ५ ब्रिटनमध्ये अ‍ॅमेझॉनच्या काही गिऱ्हाइकांना १७ तारखेच्या आधीच घरपोच मिळाला आणि तो गेम काढणाऱ्या रॉकस्टारला चौकशी करायला लागली. गोष्टीवर चालणाऱ्या गेमात हे फार लागतं, कारण पहिल्या डिस्कवाल्याने शेवटाचा व्हिडिओ टाकला की सगळ्यांचाच विचका होतो. डिजिटलला ही भानगड नाही, आधी डाउनलोड करून ठेव, ठरलेल्या वेळी कुलूप उघडतं.

आता दुकानदारांची आणि ऑनलाइनवाल्यांची बाजू ऐक, कारण ती पण काही कमी खरी नाही. पब्लिशर एकीकडे त्यांना माल विकतो आणि दुसरीकडे त्यांच्या गिऱ्हाइकाला थेट स्वतःकडे ओढतो. याची सुरुवात जुनी आहे. २००४ मध्ये हाफ-लाइफ २ चा बॉक्स दुकानातून घेतला तरी घरी जाऊन स्टीमवर, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्याच ऑनलाइन दुकानावर, अकाउंट काढायलाच लागायचं, म्हणजे बॉक्स विकायचा दुकानदाराने आणि पुढचे सगळे गेम विकत घ्यायचा रस्ता त्याच बॉक्समध्ये. पुढे इतर पब्लिशरांचे गेमही स्टीम सक्तीचं करायला लागले, तेव्हा २०१० च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या मोठ्या दुकानदारांनी असे गेम ठेवणार नाही अशी धमकी दिल्याच्या बातम्या आल्या. धमकीने काही झालं नाही, कारण तोवर पीसी गेमचं गिऱ्हाईक हललेलं होतं. आपल्याकडेच बघ ना, लॅमिंग्टन रोडला पूर्वी पीसी गेमच्या डीव्हीडींनी भरलेले रॅक असायचे, आज पीसीचा बॉक्स शोधून सापडला तर नशीब.

सगळ्यात डोळे उघडणारा किस्सा २०११ चा. डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशनच्या पीसी बॉक्समध्ये पब्लिशर स्क्वेअर एनिक्सने ऑनलाइव्ह नावाच्या स्ट्रीमिंग सर्व्हिसवर तोच गेम फुकट खेळायचं कुपन टाकलं होतं. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या दुकानांच्या साखळीची स्वतःची डिजिटल सर्व्हिस यायची होती, त्यामुळे हे कुपन म्हणजे त्यांच्याच दुकानातून प्रतिस्पर्ध्याची जाहिरात. त्यांनी काय केलं, तर स्टाफला सांगितलं की सीलबंद बॉक्स उघडा, कुपन काढून घ्या, आणि मग विका. लोक भडकले, पुढे गेमस्टॉपने ते पीसी बॉक्स विक्रीतूनच मागे घेतले आणि ज्यांना उघडलेला बॉक्स मिळाला त्यांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. मला यात दोघांचाही राग येतो. पब्लिशरने न सांगता दुकानदाराच्या काउंटरवर दुसऱ्याचा धंदा ठेवला, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या पैशाची वस्तू बॉक्समधून काढली. मधे पिसला गेला तो बॉक्स विकत घेणारा.

तसंच २००९ मध्ये सोनीने पीएसपी गो हे हातात धरून खेळायचं मशीन आणलं, त्यात डिस्क घालायची सोयच नाही, सगळे गेम सोनीच्या स्टोअरवरूनच. नेदरलँड्समधल्या एका दुकानांच्या साखळीने ते ठेवायलाच नकार दिला, कारण मशीन विकल्यावर दुकानाला पुढे काही विकायला उरतच नव्हतं. आणि १ एप्रिल २०१९ पासून सोनीने अमेरिकेत रिटेलरांकडून पूर्ण गेमचे डिजिटल कोड विकणं बंद केलं. हे जरा समजून घे. अ‍ॅमेझॉनवर कोड विकला जायचा तेव्हा अ‍ॅमेझॉनला त्याच्यावर ऑफर लावता यायची, म्हणजे डिजिटलमध्येही थोडीफार स्पर्धा होती. ते दार बंद झाल्यावर प्लेस्टेशनचा डिजिटल गेम घ्यायला दुकान उरलं एकच, सोनीचं, आणि तिथे भाव सोनी आणि पब्लिशर म्हणतील तो.

आता कायद्याचं, कारण पब्लिशर थेट मनाई का करत नाही हे त्याशिवाय कळणार नाही. अमेरिकेत एका पुस्तक प्रकाशकाने पुस्तकावर छापलं होतं की एक डॉलरच्या खाली विकाल तर आमच्या हक्कांचा भंग, मेसीज दुकानाने ते ८९ सेंटला विकलं, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९०८ मध्ये कोर्ट म्हणालं, एकदा प्रत विकलीत की पुढच्या विक्रीवर कॉपीराइटचा धाक चालणार नाही. जपानमध्ये गेम कंपन्या सेकंडहँड दुकानांविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, २००२ मध्ये हरल्या, आणि जुने गेम विकणं तिथे कायदेशीर ठरलं. आपल्याकडे एमआरपी ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. कॉम्पिटिशन अ‍ॅक्टमध्ये विक्रेत्यावर किमान किंमत लादणं बेकायदेशीर ठरू शकतं, स्पर्धेला धक्का पोचतो का ते तपासून. २०२१ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने मारुती सुझुकीला डीलरांच्या डिस्काउंटवर लगाम घातल्याबद्दल २०० कोटींचा दंड लावला होता. गाड्यांचं प्रकरण आहे, पण ऑर्डर आल्यावर आमच्या लाइनमध्ये पण लोक ईमेलवर रेटबद्दल लिहायचे थांबले. आता जे काही बोलायचं ते फोनवर.

म्हणून खरं हत्यार म्हणजे पुरवठा. कोणीच तुला लिहून देत नाही की तू भाव तोडलास म्हणून माल बंद. फक्त पुढच्या मोठ्या लॉन्चला तू शंभर मागतोस, तुला वीस येतात, आणि फोनवर उत्तर मिळतं, अरे अलोकेशनच, म्हणजे वाट्याला आलेला मालच, कमी आलंय. एका वितरकाने माझ्याबरोबर हे केलंय. फुटबॉलचा गेम होता, त्याच्या आदल्या महिन्यात मी एक जुनं टायटल खरेदीखाली काढलं होतं कारण पैसे मोकळे करायचे होते, आणि लॉन्चच्या शुक्रवारी माझ्या लिस्टिंगवर आउट ऑफ स्टॉक आणि बाजूच्या सेलरकडे ढिगाने माल. फुटबॉलचा गेम लॉन्चच्या आठवड्यात गेला की गेला, नंतर त्याला कोण विचारतो. तक्रार करायला कागदावर काहीच नाही.

भारतात याला अजून एक गुंता आहे जो अमेरिकेत नाही. तिकडे अ‍ॅमेझॉन स्वतःही पब्लिशरकडून माल विकत घेतं आणि स्वतः विकतं, समोरासमोर दोन पार्ट्या. आपल्याकडे परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, किमतीवर प्रभाव टाकता येत नाही, आणि २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या प्रेस नोट २ प्रमाणे, जी १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, कोणत्या सेलरला फक्त आमच्याकडेच विक असंही सांगता येत नाही. म्हणजे तुला अ‍ॅपवर जे दुकान दिसतं त्याच्या मागे विकणारा कोणीतरी सेलर असतो, आणि पब्लिशर किंवा वितरक भडकला की पट्टा त्या सेलरच्या पाठीवर, प्लॅटफॉर्म हात वर करतो. मोठ्या प्लॅटफॉर्मनी ठराविक सेलरांना झुकतं माप दिलं का, याची चौकशी कॉम्पिटिशन कमिशनने जानेवारी २०२० मध्ये लावली, दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून. लहान सेलर दोन्हीकडून दाबला जातो, आणि तरी लोकांना वाटतं की ऑनलाइनवाले म्हणजे सगळे एकाच बाजूचे.

आता निन्टेन्डो. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचं नवं मशीन स्विच २ आलं तेव्हा अमेरिकेत अ‍ॅमेझॉनवर तो लॉन्चला नव्हताच. जुलैत ब्लूमबर्गने बातमी दिली की काही सेलर आग्नेय आशियातून निन्टेन्डोचे गेम घाऊक उचलून अमेरिकेतल्या किमतीच्या खाली अ‍ॅमेझॉनवर विकत होते, त्यावरून दोघांत वाद झाला आणि निन्टेन्डोने माल देणं थांबवलं होतं. निन्टेन्डोने असं काही नसल्याचं सांगितलं, नंतर स्विच २ अ‍ॅमेझॉनवर आलाही. आतलं खरं त्या दोघांनाच माहीत, पण बातमीत जे वर्णन आहे ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही नवीन वाटणार नाही. कंपनी प्रत्येक देशात तिथल्या खिशाप्रमाणे भाव लावते, आणि वस्तू हलकी, सीलबंद, सगळीकडे चालणारी असली की स्वस्त देशातून महाग देशात वाहणारच. कोर्टात जाऊन हे थांबवणं अमेरिकेत अवघड आहे, कारण २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने थायलंडमधून आणून विकलेल्या पाठ्यपुस्तकांच्या केसमध्ये सांगितलंय की परदेशात कायदेशीर विकत घेतलेली प्रत परत विकता येते. मग कंपनी दुसरे उपाय करते. स्विच २ चंच बघ, जपानमध्ये फक्त जपानी भाषेचं मशीन ४९,९८० येनला ठेवलं आणि सगळ्या भाषांचं ६९,९८० येनला, म्हणजे स्वस्तातलं बाहेर नेऊन कोणाला उपयोगच होऊ नये.

हेच भांडण त्याच्या किती आधी झालंय सांगतो. हाँगकाँगला लिक-सांग नावाचं ऑनलाइन दुकान होतं, जगभर मशीन पाठवायचं, आपल्याकडचे हौशी लोक पण तिथून मागवायचे. युरोपमध्ये पीएसपी यायच्या आधी त्यांनी आशियातले पीएसपी तिकडे पाठवले, सोनीने लंडनच्या हायकोर्टात केस केली, जिंकली, आणि २००६ च्या ऑक्टोबरात लिक-सांग बंद पडलं. त्या लोकांनी चोरीचा माल विकला नव्हता, डुप्लिकेट विकला नव्हता, सोनीचंच मशीन पैसे देऊन घेऊन विकलं होतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आणि मुंबईत तर आपण याच वाहत्या मालावर वाढलोय. निन्टेन्डोचा स्विच भारतात कधी अधिकृतपणे आलाच नाही, तरी हाजी अलीच्या हीरा पन्नात, मनीष मार्केटच्या आसपास, इर्ल्याला, तो मिळतच होता, बहुतेक दुबईमार्गे. अधिकृत वितरक माझ्यासारख्याला सांगतो की ग्रे मालामुळे, म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून बाहेरून आलेल्या मालामुळे, आमचं नुकसान होतं, आणि ते खरंही आहे, कारण तो जाहिरात करतो, ड्यूटी भरतो, वॉरंटी सांभाळतो. पण जिथे कंपनीने दुकानच मांडलं नाही तिथे गिऱ्हाइकाने काय करायचं? पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला आपल्याकडे ४९,९९० ला आला, १२ जानेवारीला प्रीऑर्डर उघडली ती काही मिनिटांत संपली, आणि नंतर कित्येक महिने साध्या मशीनऐवजी चार गेम गळ्यात घातलेला बंडल किंवा ब्लॅकचा भाव, एवढेच दोन रस्ते लोकांसमोर होते. तेव्हा पब्लिशरना किमतीच्या शिस्तीची आठवण फारशी झाली नाही, कारण भाव वर जात होता.

डिस्क बंद करायच्या मागे का, याचं उत्तर आतापर्यंत तुझ्या लक्षात आलं असेल. डिजिटलवर प्लॅटफॉर्म साधारण ३० टक्के घेतो, बाकी ७० पब्लिशरचे, छपाई नाही, जहाज नाही, क्लेमची शीट नाही, परत आलेला माल नाही, आणि सेकंडहँड तर नाहीच. सोनीच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे अलीकडे पूर्ण गेमांच्या विक्रीत दहापैकी सातच्या वर डिजिटल आहेत. अ‍ॅलन वेक २ सारखा मोठा गेम २०२३ मध्ये फक्त डिजिटल आला, डिस्क आली वर्षाने. पीएस५ प्रो मध्ये डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायला लागतो. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर सेकंडहँडला बंधनं घालायचं जाहीर केलं तेव्हा लोक इतके खवळले की १९ जूनला सगळं मागे घ्यायला लागलं, पण तेव्हा जे हुकूम काढून जमलं नाही ते नंतर हळूहळू सोयीच्या रस्त्याने झालंच.

यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते तर अर्धवट डिस्कची. २०२५ मध्ये आलेल्या डूम: द डार्क एजेसच्या पीएस५ डिस्कवर फक्त ८५ एमबी होतं, बाकी सगळा गेम डाउनलोड. बॉक्स तोच, सील तेच, भाव पूर्ण. स्विच २ साठी निन्टेन्डोने गेम-की कार्ड काढलंय, कार्ट्रिजमध्ये गेम नाही, फक्त डाउनलोडची परवानगी. निदान निन्टेन्डो बॉक्सच्या पुढच्या बाजूला तसं छापतं तरी, आणि कार्ड दुसऱ्याला विकता तरी येतं, पण कोणाकडे डाउनलोडचा सर्व्हर पंधरा वर्षांनी चालू असेल याची गॅरंटी आहे? द क्रू हा रेसिंगचा गेम घे, युबिसॉफ्टने २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे नुसती प्लास्टिकची चकती उरली. ऑनलाइनवाल्यांशी भाव तोडण्यावरून भांडा, ते समजू शकतो. पण त्या भांडणाचा उपाय म्हणून गिऱ्हाइकाला रिकामा डबा विकणं हा उपाय नाही, ती फसवणूक आहे, आणि ऑनलाइनवाले पण लिस्टिंगमध्ये ही गोष्ट नीट लिहीत नाहीत म्हणून ते पण तेवढेच जबाबदार.

मला डिस्क टिकावी असं वाटतं आणि त्याचं कारण आठवणी वगैरे नाही. ५ हजारांचा गेम संपवून, तीन आठवड्यांत साडेतीन हजाराला विकून, त्यात थोडे घालून पुढचा घेणारी पोरं मी रोज बघतो. अंबरनाथ, विरार, कळवा, सगळीकडची. दादर स्टेशनला पुलाखाली भेटून डिस्क हातात देतात, पैसे जीपेवर. त्यांच्यासाठी एका गेमची खरी किंमत हजार-दीड हजार पडते, आणि एवढ्यातच ते आज नवीन गेम खेळू शकतात. पब्लिशरच्या हिशेबात ही हरवलेली विक्री असते. मला तर दिसतं की पहिल्या दिवशी फुल किमतीला डिस्क घेणारा तो घेतोच एवढ्यासाठी की ती परत विकली जाणार हे त्याला माहीत असतं. विकायचा रस्ता बंद केला तर तो स्टोअरवर ४,९९९ भरणार नाही, सेल लागेपर्यंत थांबेल किंवा फोनवर फुकटचं काहीतरी खेळेल.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, ऑनलाइन स्वस्त दिसला तर घे, त्यात काही पाप नाही, पण विकणारा सेलर कोण ते बघ आणि पेजवर आयातदाराचं नाव आहे का बघ, २०१८ पासून लिस्टिंगवरही ती माहिती देणं सक्तीचं आहे. डबा हातात आला की मागे आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसहित एमआरपी असलेला स्टिकर असतो, तो नसेल तर बाहेरून आलेला माल समज. बाहेरचा म्हणजे वाईट नाही, डिस्क चालेल, पण आपलं इंडियन पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन, अकाउंट युरोपच्या गटात येतं, त्यामुळे अमेरिकेची आर-१ किंवा आशियाची आर-३ डिस्क (आर म्हणजे रीजन, युरोपचा आर-२) घेतलीस आणि नंतर इथल्या अकाउंटवरून डीएलसी, म्हणजे गेमचा वेगळा विकला जाणारा जादा भाग, घेतलं तर ते जुळत नाही आणि ते पैसे परत मिळवायला नाकीनऊ येतात. दुबईचा माल बहुधा आर-२ असतो, तो चालतो. घेण्याआधी डिस्कवर गेम पूर्ण आहे की डाउनलोड लागतं ते शोध, बॉक्सच्या पुढच्या-मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंटरनेट आवश्यक वगैरे लिहिलेलं असतं. आणि डिस्काउंट शंभर-दीडशेचाच असेल तर लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानातून घे, पक्कं बिल माग, आणि परत विकायला आणलं तर कितीला घेणार ते तिथेच विचारून ठेव, बहुतेक दुकानदार तोंडी का होईना आकडा सांगतात.